पीयूष ग्रंथी

"शास्त्रीसाहेब, मादी तयार हाय. तुमचं औषध कुठी हाय?"

सखाराम भोई कमरेइतक्या पाण्यात उभा राहून हे विचारत होता. मी काठावर होतो. माझ्याजवळ सिरिंज होती. उकळून गार केलेले पाणी होते. काचेचा छोटा खल होता. त्या खलात जे घोटायचे, तेच अद्याप आलेले नव्हते.

ही सत्तरीच्या दशकातील गोष्ट आहे. आज ज्याला वाशीम जिल्हा म्हणतात, तो भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडत असे. मी मत्स्य खात्यात होतो आणि माझे ठाणे कारंजाला होते. पाठशाळेत व्याकरण आणि न्याय शिकून झाल्यावर मी विज्ञान महाविद्यालयात गेलो, म्हणून खात्यात आणि गावातही मला शास्त्रीच म्हणत. स्नानसंध्या करणारा, मासा न खाणारा माणूस मत्स्य खात्यात कसा, हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारला, की पुढे पुढे मी नुसता हसत असे. ज्या रूपात परमेश्वराने पहिला अवतार घेतला, त्याची सेवा करण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही.

धनजजवळचे ते तळे भोई समाजाच्या सहकारी संस्थेकडे नुकतेच आले होते. सखाराम तिचा अध्यक्ष. तळे मिळाले, पण त्यात सोडायला पिल्ले नव्हती. मत्स्यबीज तेव्हा कलकत्त्याहून रेल्वेने, पत्र्याच्या डब्यांतून येई. दोन पावसाळे ते मागवले आणि दोन्ही वेळा डबे उघडले तेव्हा आत पांढरा गाळ होता. तिसऱ्या पावसाळ्यातही तळे रिकामे राहिले, तर ते संस्थेकडून काढून लिलावात ठेकेदाराला द्यायचे, असे वरून ठरले होते. तेवीस घरे त्या तळ्यावर डोळे लावून बसली होती. म्हणून आम्ही ठरवले, की बीज इथेच, तळ्याच्या काठी तयार करायचे.

हे 'तयार करणे' म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो.

रोहू हा मूळचा नदीचा मासा. पावसाळ्यात नदी फुगली, की तो प्रवाहाच्या विरुद्ध वर चढतो आणि पुराचे उथळ पाणी जिथे पसरते तिथे अंडी घालतो. तळ्यात तो उत्तम वाढतो. त्याच्या मादीच्या पोटात अंडीही भरतात. पण तळ्याचे पाणी वाहत नाही, चढत नाही. मग शेवटची पायरी अडते. अंडी पोटातच राहतात आणि पावसाळा सरला की शरीरात विरून जातात. याचे कारण माशाच्या डोक्यात आहे. मेंदूच्या खाली, हाडाच्या एका खोबणीत, मोहरीच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते. पूर आल्याची खूण मेंदूला पटली, की ही ग्रंथी रक्तात एक रस सोडते. त्याला हार्मोन म्हणतात. तो रस पोहोचला म्हणजे अंडी पूर्ण पिकतात आणि बाहेर येतात. तळ्यातल्या मादीची ग्रंथी हा रस पुरेसा सोडतच नाही. म्हणून दुसऱ्या पिकलेल्या माशाची ग्रंथी काढून, स्पिरिटमध्ये टिकवून, वेळ आल्यावर पाण्यात घोटून तिचे इंजेक्शन मादीला द्यायचे. पूर आलेला नसतो. पूर आल्याचा निरोप मात्र शरीराला मिळतो.

इंग्रजीत या ग्रंथीला पिट्युइटरी म्हणतात. आमच्या परिभाषेत तिचे नाव पीयूष ग्रंथी. पीयूष म्हणजे अमृत. ज्याने हे नाव योजले, त्याला मी मनोमन नमस्कार केला होता. पुढे जो घोटाळा झाला, तो याच नावाने केला.

तर त्या दिवशी तळ्यात हापा लावलेला होता. हापा म्हणजे मांजरपाट कापडाची, चार बांबूंना बांधलेली चौकोनी पेटी. मच्छरदाणी उलटी टांगावी तशी ती पाण्यात असते. तिच्यात एक मादी आणि दोन नर सोडले होते. साऱ्या मोसमात इतकी पिकलेली मादी आम्हाला एवढी एकच मिळाली होती. तिचे पोट मऊ होते, मागचे द्वार लालसर सुजलेले होते. आभाळ भरलेले होते, हवा थंड होती. असा योग वारंवार जुळत नाही. आणि कापडाच्या पेटीत मादी फार काळ ठेवली, तर ती धडपडून अंगाला जखमा करून घेते.

"सखारामभाऊ, बाटली वाटेत आहे," मी म्हटले.

"सकायपासून वाटेतच हाय ती."

त्याच वेळी बांधावर जीप थांबली. आमचे डेप्युटी साहेब उतरले. त्यांना या प्रयोगाचा भरवसा नव्हता. एवढ्याशा डबक्यात रोहू विणार नाही, असे त्यांनी वर लिहूनही टाकले होते.

"काय शास्त्री, झालं का इंजेक्शन?"

"ग्रंथी आली की लगेच, सर."

"कुठे आहे ती?"

"नागपूरहून निघाली आहे."

"निघाली आहे म्हणजे? ती काय पायी येते?"

पाण्यातून सखाराम हसला. मला हसू आले नाही.

साहेबांनी हाप्यात डोकावून पाहिले. "दोन नर आहेत ना? एक कापा. त्याच्या डोक्यातली ग्रंथी काढा आणि द्या मादीला."

"सर, एका नराच्या ग्रंथीने तिचा डोस पुरा होणार नाही. शिवाय उरलेला एक नर पुरला नाही, तर अंडी फळणार नाहीत."

"मग बाजारातून मासा आणा."

"बाजारात येतो तो बर्फातला, सर. त्याची ग्रंथी नासलेली असते."

साहेबांनी छत्री उघडली. "हे पाहा, जीप घेऊन जा आणि तुमची बाटली शोधा. सूर्य मावळायच्या आत आलात तर ठीक. नाहीतर मी या माणसाकडून नर कापून घेतो. प्रयत्न केला, एवढं तरी रिपोर्टमध्ये लिहिता येईल."

"म्या कापू?" सखारामने विचारले.

"मग काय मी कापू?"

मी जीपमध्ये बसलो. वाटेत कामरगावचा बाजार आडवा आला. बैलगाड्या, जीपगाड्या, मिरच्यांची पोती. त्या गर्दीत ड्रायव्हर हॉर्न वाजवीत होता आणि मी जप करण्याचा प्रयत्न करीत होतो. जप काही लागला नाही. डोळ्यांपुढे एकसारखी ती कापडाची पेटी येत होती.

कारंजाच्या पोस्टातून मी नागपूरला ट्रंक कॉल लावला. पलीकडे माझे सहकारी होते. त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता.

"बाटली परवाच पाठवली हो! तुमच्या कारंजाचे मुनीमजी भेटले इथे कापडबाजारात. त्यांच्याच हाती दिली. म्हटलं, पार्सलात फुटायला नको."

"वर काय लिहिलं होतं?"

"तुमचं नाव. आणि पीयूष ग्रंथी, काळजीपूर्वक हाताळावे. आता सगळं मराठीत लिहायचा आदेश आहे ना!"

कॉल तुटला. मुनीमजी मला ठाऊक होते. कापडाच्या एका मोठ्या जैन पेढीवर ते हिशेब पाहात. अत्यंत श्रद्धाळू आणि सचोटीचा माणूस. मी धावतच पेढीवर गेलो. मला पाहताच ते गादीवरून उठले आणि त्यांनी हात जोडले.

"या, शास्त्रीजी, या! तुमचा ग्रंथ पोचवला बरं का."

"कोणता ग्रंथ?"

"पीयूष ग्रंथ! नागपूरच्या साहेबांनी देल्ला तो. काय सांगू, साऱ्या रस्त्यानं मांडीवर घेऊन बसलो. एसटीत पायापाशी ठेवला नाही. कंडक्टर म्हने वर टाका, म्या म्हटलं, बावा, ग्रंथ हाय, सामान नाही."

"मांडीवर कसा धरला होता?"

"कसा म्हंजे? पोथी धरतात तसा. आडवा."

मी डोळे मिटले. बाटली कापसात गुंडाळून लांबट, चपट्या खोक्यात घातलेली असणार. तसे खोके बासनात बांधल्यावर पोथीसारखेच दिसते. मुनीमजींनी ती बुचाची बाटली नागपूरपासून कारंजापर्यंत भक्तिभावाने आडवी आणली होती. आदळली असती तरी कदाचित चालले असते. आडवी चालत नाही. बूच सैल पडते आणि स्पिरिट झिरपते.

"आणि पोचवला कुठे?"

"भांडारात! नेमाकाकांपाशी. तुमी रोज तेथीच तं वाचत बसता. म्हटलं, शास्त्रीजीचा ग्रंथ अजून कुठी जाईन?"

त्यांचे काही चुकले होते असे मी आजही म्हणत नाही. ग्रंथी या शब्दाचा मूळ अर्थ गाठ. ग्रंथ म्हणजे गुंफलेला, गाठ मारलेला. धातू एकच. मुनीमजींनी व्युत्पत्ती न शिकता ती बरोबर लावली होती.

नेमाकाका हे कारंजातील एका हस्तलिखित-भांडाराचे राखणदार. ऐंशीच्या घरातले वृद्ध श्रावक. भांडार त्यांच्या राहत्या घराला लागूनच होते. ताडपत्रे आणि जुने कागद, प्रत्येक पोथी स्वच्छ वेष्टनात बांधलेली. तिथे पाय धुतल्यावाचून कोणी जात नसे. मी परधर्मीय ब्राह्मण, तरी त्यांनी मला ती कपाटे उघडून दिली होती. सायंकाळी तासभर मी तिथे न्यायाच्या जुन्या पोथ्या वाचीत बसे. माझ्या आयुष्यात मला मिळालेल्या मानांत तो मान मी फार वरचा समजतो. त्या जागी मत्स्याच्या डोक्यातले अवयव मद्यार्कात बुडवून माझ्या नावाने गेले होते.

मी पाय धुऊन ओसरीवर चढलो. नेमाकाका आतल्या खोलीत पद्मासनात बसलेले होते. हातात माळ. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि एक बोट ओठांवर ठेवले. मौन. दुपारपासून सायंकाळच्या भोजनापर्यंत ते मौन पाळीत, हे मला माहीत असूनही चिंतेत विसरलो होतो. त्यांनी हातानेच खूण केली: बसा.

मी बसलो. नेहमी हसणारा तो चेहरा त्या दिवशी हसला नाही.

स्वयंपाकघराच्या दारात त्यांच्या सूनबाई उभ्या होत्या. सुशीलावहिनी. एरवी त्या मला पाण्याचा तांब्या आणून देत. आज तांब्या आला नाही.

"वहिनी, माझ्या नावाचे एक खोके..."

"आलं ना." त्यांनी पदर सावरला. "शास्त्रीजी, एक इचारू? तुमाले घरी मागवाची लाज वाटली म्हनून इथी मागवली का?"

"काय?"

"आता काय मीच नाव घेऊ? साऱ्या घरात वास सुटला. आमच्या मामंजींनी खोकं हातात घेतलं, कपाटापाशी नेलं, अन् तसेच मागं फिरले. ऐंशी वर्सांत त्यायनं त्या वस्तूचा वास घेतला नव्हता. तुमच्या किरपेनं आज घेतला."

"वहिनी, ती दारू नाही."

"मंग काय गंगाजल हाय?"

"स्पिरिट आहे. औषधाचे. त्यात एक वस्तू टिकवून ठेवलेली आहे."

"कोनती वस्तू?"

इथे एक क्षण मी थांबलो. जडीबुटी म्हटले असते तर त्या माउलीने विश्वास ठेवला असता. बाटली माझ्या हाती आली असती आणि मी सूर्य मावळण्याच्या आत तळ्यावर पोहोचलो असतो. पण भिंतीपलीकडे ती सारी कपाटे होती, आणि खोटे बोलायला ती जागा नव्हती.

"माशाच्या डोक्यातली ग्रंथी," मी म्हटले.

सुशीलावहिनी दोन पावले मागे सरल्या. तोंडावर पदर घेतला. मग अगदी हळू म्हणाल्या, "दारू असती तं बरं होतं."

आतल्या खोलीत माळ थांबली. क्षणभराने पुन्हा सुरू झाली. काकांनी सारे ऐकले होते.

त्यानंतर मी जो वेळ बसलो, त्याची लांबी मला सांगता येणार नाही. ओसरीवरचे ऊन खांबाला टेकले, मग खांबावर चढले. ढगांतून ते येत होते आणि जात होते. ऊन गेले की मला वाटे, झाला सूर्यास्त. तळ्यावर साहेबांनी नर कापून घेतला असणार. मौन मोडायला त्या वृद्धाला विनवणे मला शक्य नव्हते. मीही माझ्या संध्येच्या आसनावरून कोणासाठी उठत नाही. ज्याला आपला नेम प्रिय, त्याने दुसऱ्याच्या नेमाला हात घालू नये. पण त्या दिवशी तो नेम मला फार जड गेला. तेवीस घरांचे तळे एका माळेच्या मण्यांवर टांगलेले आहे, असे मला वाटत होते.

शेवटी भोजनाच्या वेळी काकांनी माळ डोळ्यांना लावली, गोमुखीत ठेवली आणि ते बाहेर आले.

"शास्त्रीजी, त्या ग्रंथी कायले पाह्यजेत?"

मी सांगितले. नदी, पूर, मादीच्या पोटात अडलेली अंडी, सखारामची माणसे.

"म्हंजे काही मासोया मारल्या, अन् त्यायच्या डोक्यातून हे काढलं."

"हो."

"अन् याच्यातून नवीन जलमतील. किती?"

"मादी मोठी आहे. साधले तर लाखावर."

"त्या लाखाचं पुढं काय होईन?"

या प्रश्नाची मला भीती होती. "बरीच पिल्ले लहानपणीच जातील. जी वाढतील, ती भोई लोक धरतील आणि बाजारात विकतील. मी तुम्हाला याहून गोड उत्तर देऊ शकत नाही, काका."

"मंग तुमी जलम देऊन राह्यले का मरन?"

मी मान खाली घातली. व्याकरण, न्याय आणि प्राणिशास्त्र, तिन्हींत मला याचे उत्तर सापडले नाही.

काका ओसरीच्या खांबाला टेकले. मग म्हणाले, "मले हे पटत नाही. पन ती वस्तू माही नाही. तुमच्या नावानं आलेली हाय. दुसऱ्याची वस्तू अडकवून ठेवनं म्हंजे चोरी. ते व्रत मी घेतलेलं हाय, ते मोडत नाही." त्यांनी न्हाणीकडे बोट केले. "हातानं मी देनार नाही. सूनबाईनं तेथी ठेवली. तुमी घ्या."

मी उठलो.

"अन् शास्त्रीजी, त्या तळ्यात किती मासोयांवर सुई चालवनार?"

"तीन."

"त्या तीन मरू देऊ नका. तुमच्या लाखाचं मी मांगत नाही. ते माह्या हातात नाही अन् तुमच्याही. या तिनांचं मांगतो."

"मला जमेल ते सारे करीन," मी म्हटले. साहेबांनी काय सांगून ठेवले आहे, ते आठवून मी घाईने न्हाणीकडे वळलो.

न्हाणीत थंड पाण्याच्या हंड्यामागे, अगदी कोपऱ्यात, बाटली उभी होती. शेजारी सांडशी पडलेली. फरशीवर आणखी सांडू नये आणि हातही लागू नये, म्हणून वहिनींनी ती सांडशीने धरून तिथे नीट उभी केली होती. साऱ्या घरात त्याहून थंड आणि अंधारी जागा नव्हती. प्रयोगशाळेतही मी ती याहून बरी ठेवली नसती.

मी ती उजेडात धरली. स्पिरिट निम्म्याहून कमी उरले होते. आडव्या प्रवासात काही ग्रंथी बुचापाशी जाऊन चिकटल्या होत्या. त्या मऊ पडून काळवंडल्या होत्या. पण तळाशी, उरलेल्या स्पिरिटात, पांढुरके दाणे बुडालेले होते. ते घट्ट होते. चिंतेचे कारण एवढेच, की तीन माशांना पुरतील इतके ते नव्हते.

जीप तळ्याकडे निघाली तेव्हा पश्चिमेला लाली होती. रस्ता चिखलाचा. ड्रायव्हरला मी हळू चाल म्हणू की लवकर चाल म्हणू, हे मला कळत नव्हते. बाटली मी दोन्ही हातांनी उभी धरली होती.

बांधावरून दिसले ते असे. साहेब छत्री मिटून येरझारा घालीत होते. सखाराम पाण्यात वाकून हाप्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हात फिरवीत होता.

"अरे, चार हाताच्या कापडात तुला मासा सापडत नाही?" साहेब ओरडत होते.

"सापडते साहेब, पन मादीच सापडते. नर लय हुशार हाय. तुमचा आवाज आयकला की खाली बसते."

"मघाशी सुरी नव्हती. सुरी आणली तर आता नर नाही!"

"सुरी आनली ते त्यानं पाह्यली ना."

मी काठावरून हाक मारली. सखारामने मान वर केली, माझ्या हातातली बाटली पाहिली आणि लगेच दोन्ही नर एकेका हाताने शेपटीशी धरून वर दाखवले. "हे पाहा साहेब, गवसले!"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "चालू करा," एवढेच बोलले.

मी मनाशी हिशेब केला. उरलेल्या ग्रंथी फक्त मादीला पुरल्या असत्या, आणि त्याही दोन भागांत: आधी थोडा डोस, मग काही तासांनी मोठा. नरांसाठी काही उरत नव्हते.

"सखारामभाऊ, नराचे पोट हलके दाबा."

त्याने दाबले. दुधासारखा थेंब बाहेर आला. दुसऱ्याचाही आला. नर आधीच पिकलेले होते. त्यांना औषधावाचूनही साधण्याचा संभव होता. निश्चिती नव्हती. पण दुसरा मार्गही नव्हता.

मी हात धुतले, आचमन केले. ग्रंथी खलात घोटल्या, पाणी मिसळले, गाळ खाली बसू दिला आणि वरचे पाणी सिरिंजमध्ये ओढले. सखारामने मादीला ओल्या कापडात धरले, जसे तान्ह्या मुलाला धरतात. शेपटीच्या वर, एक खवला उचलून, मी सुई टोचली. ती एकदा थरथरली. दुसरा डोस कंदिलाच्या उजेडात दिला. त्या मधल्या आणि नंतरच्या वेळाचे वर्णन करीत नाही. साहेब जीपमध्ये झोपले. मी झोपलो नाही.

उजाडले तेव्हा सखारामने हाप्याचा एक कोपरा उचलला आणि वाकून पाहिले.

"काय आहे?" मी विचारले.

मी धोतर वर खोचून पाण्यात उतरलो. कापडाच्या कडेला पांढऱ्या अंड्यांचा थर होता. पांढरे अंडे म्हणजे न फळलेले, मेलेले. नरांना औषध मिळाले नाही त्याचे हे फळ, असे वाटले.

"शास्त्रीसाहेब, वरचं काय पाहता? खालून हात घाला."

मी हापा खालून उचलला. कापड जड लागले. पांढरा थर कडेला पातळ होता. मध्ये, सबंध तळाला, काचेच्या मण्यांसारखी स्वच्छ अंडी होती. ओंजळीत घेतली तर पलीकडची बोटे दिसत. फळलेल्या अंड्याची हीच खूण.

"फुललं," सखाराम म्हणाला. मग बांधाकडे तोंड करून त्याने हाक दिली, "अवो, डेप्युटी साहेब! उठा! डबक्यात बारसं हाय!"

साहेब आले, त्यांनी पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "रिपोर्ट मी लिहितो," म्हणाले. त्या रिपोर्टात प्रयोगाची कल्पना त्यांचीच होती, असे पुढे मला कळले. तळे भोई संस्थेकडे राहिले, म्हणून मी त्यावर काही बोललो नाही.

मादीच्या अंगावर एक ओरखडा होता. तिला आणि दोन्ही नरांना आम्ही औषधी पाण्यातून काढून तळ्यात सोडले. सखारामने संस्थेच्या लोकांना बजावले, की हे तिघे जाळ्यात आले तरी परत सोडायचे. ओळखायचे कसे, असे एकाने विचारले. "अंगावर सुईची खूण पाह्य," तो म्हणाला, "अन् नाही दिसली तं कोनताही मोठा सोड."

भांडारात जायला मी काही दिवस धजलो नाही. शेवटी एका संध्याकाळी गेलो. पाय धुतले, ओसरीवर बसलो. नेमाकाकांचे मौन चालू होते. त्यांनी मला पाहिले आणि तीन बोटे वर केली.

"तिन्ही तळ्यात आहेत," मी म्हटले.

त्यांनी कंबरेची किल्ली काढली आणि कपाट उघडले. सुशीलावहिनींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. ठेवताना म्हणाल्या, "न्हाणी तीनदा धुतली."

नेमाकाकांच्या त्या जन्म-मरणाच्या प्रश्नाचे उत्तर मी पुढील साऱ्या नोकरीत शोधीत राहिलो. लाखांनी बीज तयार केले. उत्तर मिळाले नाही. तीन मासे मात्र सोडता आले, तेवढ्यावर मी समाधान मानतो.

नागपूरच्या सहकाऱ्यांना मी दुसऱ्याच दिवशी लिहिले, की शब्द उत्तम आहे, तो बदलू नये. यापुढे फक्त खोके चपटे नसावे, आणि त्यावर नावाच्याही आधी लिहावे: उभे धरावे.